हारूनने फिर्याद का केली नाही?

यंदा उन्हाळी सुटीत आमच्या घरी इशाच्या नमाजनंतर रोज एक इंग्रजी पुस्तक ऐकले जात होते. दादीअम्मांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. काही दिवस टीव्ही पाहू नका, मोबाइलकडे बघू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. दिवस कसा तरी जाई, पण रात्री झोप येईपर्यंत त्यांनी करायचे काय? तेव्हा आमची थोरली, आठवीतून नुकतीच नववीत गेलेली, म्हणाली, "दादीअम्मा, मी तुम्हाला गोष्ट ऐकवते." तिने मोबाइल उशीजवळ ठेवला आणि एक ऑडिओबुक सुरू केले. ऑडिओबुक म्हणजे कुणीतरी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केलेले पुस्तक.

दादीअम्मांना इंग्रजी येत नाही. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी गोष्ट थांबवायची, थोरलीने ती आपल्या भाषेत सांगायची, दादीअम्मांनी त्यावर काही बोलायचे आणि मग पुढे जायचे, असा शिरस्ता पडला. धाकटा मध्येच शंका काढी. चार दिवसांत आम्ही सगळेच भांडी आवरून, दिवा मंद करून त्या खोलीत जाऊन बसू लागलो.

त्या ऐकण्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. परक्यांनी लिहिलेल्या गोष्टीत आपली माणसे भेटतात, तेव्हा आपण आणि आपल्या मुलांनी ती गोष्ट कशी ऐकावी, हा प्रश्न आमच्यासारखाच इतर घरांनाही पडत असेल.

आधी त्या गोष्टींविषयी थोडे. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथांची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. डॉक्टर नावाचा एक परग्रहावरचा प्रवासी आहे. बाहेरून निळ्या खोक्यासारखे दिसणारे आणि आतून प्रचंड मोठे असे त्याचे यान आहे. त्यात बसून तो सोबत्यांना घेऊन कधी भविष्यात, कधी दुसऱ्या ग्रहावर, तर कधी आपल्याच पृथ्वीच्या इतिहासात जातो. त्याचे शरीर मोडकळीला आले की त्याला नवे रूप मिळते, त्यामुळे नट बदलले तरी मालिका चालू राहते. १९८९ साली ती बंद पडली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली.

आता या मालिकेवर इतकी पुस्तके का निघाली, यामागे एक गंमत आहे आणि एक हळहळही. साठच्या दशकात लोकांच्या घरी व्हिडिओ नव्हते. भाग एकदा दाखवला की संपला. बीबीसीने तर पुढच्या काळात अनेक जुन्या टेपा पुसून टाकल्या, कारण टेप महाग होती आणि जुने कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असे तेव्हा वाटत होते. त्यामुळे मालिकेतील शंभराच्या आसपास भागांचे चित्र आज उपलब्ध नाही. मुलांना ती गोष्ट पुन्हा हवी असेल तर पुस्तक हाच मार्ग होता. १९७३ पासून 'टार्गेट' या नावाने ही छोटी पुस्तके निघू लागली. पुढे त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली आणि टेरन्स डिक्स या एकाच लेखकाने त्यांतली साठाहून अधिक लिहिली. १९९१ पासून मालिकेत कधीच न आलेल्या नव्या कादंबऱ्याही येऊ लागल्या. १९९९ पासून 'बिग फिनिश' या संस्थेने जुन्याच नटांना घेऊन नवी श्राव्यनाटके काढायला सुरुवात केली. पडद्यावर मालिका बंद होती त्या वर्षांत तिला पुस्तकांनी आणि आवाजाने जिवंत ठेवले, असे म्हटले तरी चालेल.

एक गोष्ट ऐकून दादीअम्मा सर्वांत जास्त हरखल्या. पुसल्या गेलेल्या भागांचे चित्र नसले तरी आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे. तो बीबीसीने जपलेला नाही. त्या काळी काही चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरच्यांना गप्प बसायला सांगून, तो घरच्या घरी मुद्रित करून ठेवला होता. पुढे हेच आवाज स्वच्छ करून, चित्राची उणीव निवेदनाने भरून काढून प्रसिद्ध झाले. "म्हणजे मोठ्या कचेरीने टाकून दिले आणि पोरांनी जपले," दादीअम्मा म्हणाल्या. आम्ही हो म्हटले.

आम्ही ऐकत होतो ते पुस्तक 'डॉक्टर हू अँड द क्रुसेडर्स'. लेखक डेव्हिड व्हिटेकर. मालिकेचा पहिला कथा-संपादक तोच. १९६५ साली त्याने 'द क्रुसेड' नावाची चार भागांची गोष्ट मालिकेसाठी लिहिली आणि १९६६ साली त्याचीच कादंबरी केली. मालिकेतील या गोष्टीच्या चार भागांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या भागाचे चित्र आज नाही, त्यामुळे सबंध गोष्ट निवांत अनुभवायची तर पुस्तकच हवे. २००५ साली विल्यम रसेल यांच्या आवाजात त्याचे ऑडिओबुक निघाले. मालिकेत इयान नावाच्या विज्ञानशिक्षकाची भूमिका यांनीच केली होती. म्हणजे चाळिशीच्या आत-बाहेर असताना तलवार घेऊन घोड्यावर बसलेला माणूस ऐंशी ओलांडल्यावर तीच गोष्ट वाचून दाखवतो. आवाज वयाने जड झालेला, पण घाई कशाचीच नाही. दादीअम्मांना शब्द कळत नव्हते तरी त्या म्हणाल्या, "हा माणूस गोष्ट सांगणारा आहे." रसेल २०२४ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

गोष्ट अशी. डॉक्टरांचे यान तिसऱ्या सलीबी युद्धाच्या काळात पॅलेस्टाइनमध्ये याफा शहराजवळ उतरते. इंग्लंडचा राजा रिचर्ड एका बाजूला, सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी दुसऱ्या बाजूला. रानात हल्ला होतो आणि डॉक्टरांच्या सोबत असलेली बार्बरा ही इतिहासाची शिक्षिका एल अकीर नावाच्या अमीराच्या माणसांच्या हाती सापडते. तिच्याबरोबर विल्यम द प्रेओ हा सरदार पकडला जातो. राजाला पळता यावे म्हणून 'मीच राजा' असे तो ओरडून सांगतो. हा प्रसंग लेखकाच्या कल्पनेतला नाही. ११९१ च्या सप्टेंबरात याफाजवळ खरोखर असे घडले होते आणि या सरदाराने स्वतःला 'मलिक' म्हणवून रिचर्डला वाचवले होते. तसेच रिचर्डने आपली बहीण जोआना हिचा विवाह सलाहुद्दीन यांच्या धाकट्या भावाशी लावून देण्याचा प्रस्ताव मांडला, हेही पुस्तकात आहे आणि इतिहासातही आहे.

नावांवरून मात्र आमच्या घरी बराच हशा झाला. सुलतानाच्या भावाला पुस्तकात 'सफादिन' म्हटले आहे. धाकट्याला वाटले हे एखाद्या औषधाचे नाव असावे. मग उलगडा करून सांगितला की, 'सैफुद्दीन' हा अल-आदिल यांचा किताब. युरोपच्या तोंडी तो सफादिन झाला, तसा सलाहुद्दीनचा सलादिन झाला. सलाहुद्दीन हाही किताबच, त्यांचे मूळ नाव यूसुफ, वडिलांचे अय्यूब. पुस्तकातल्या एका सज्जन व्यापाऱ्याचे नाव 'हारून एद-दीन'. ते ऐकून दादीअम्मा म्हणाल्या, "अर्धेच नाव ठेवले की! दीनचे काय? सैफ की सलाह की निजाम?" एल अकीर हे नाव कुठले, हे तर कुणालाच सांगता येईना. लेखकाने कानाला अरबी वाटेल असे काही तरी जुळवले आहे, इतकेच.

हसणे थांबले ते एल अकीरची करणी पुढे येऊ लागली तेव्हा. हा लुद्दचा अमीर क्रूर, कपटी आणि बायकांचा छळ करणारा. त्याचा जनानखाना, तिथला बार्बराचा छळ, हे सगळे अशा पुस्तकांत नेहमी असते तसेच. साहेबाच्या देशातल्या गोष्टींत पूर्वेकडचा दुष्ट माणूस हा असाच असायचा, काळी दाढी, चाबूक आणि जनानखाना. थोरली सांगता सांगता अडखळू लागली. एका जागी तिने मोबाइल बंद केला आणि म्हणाली, "पुढचे मला सांगायचे नाही."

आम्हालाही बरे वाटले नाही. खरे तर आमच्या मनात आले, की हे पुस्तक इथेच पुरे. घरात दुसरी पुस्तके आहेत, नबींच्या कथा आहेत, मग विकतचे दुखणे कशाला? शिवाय मुलीने शाळेत आधीच काय काय ऐकलेले असते. 'तुमच्यात असेच असते ना?' हा प्रश्न तिला एकदा नव्हे, अनेकदा विचारला गेला आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुली वाईट नव्हत्या. कुठेतरी पाहिलेले, वाचलेले त्यांच्या डोक्यात होते. त्या चित्राचा एक उगम आता आमच्या उशीशी ठेवलेला होता.

पण दादीअम्मा ऐकेनात. "दुष्टाचे सांगितले आणि उठून गेला, ही काय रीत? हारूनचे काय झाले ते सांगा." हारून त्यांच्या मनात भरला होता, कारण तो कुणी सुलतान नव्हता की सरदार नव्हता. तो शहरातला एक साधा व्यापारी. एल अकीरने त्याची बायको आणि मुलगा मारलेले, थोरली मुलगी मैमूना पळवून जनानखान्यात ठेवलेली. धाकटी साफिया तेवढी घरात उरलेली. पाठलाग होत असलेल्या बार्बराला, एका परक्या ख्रिस्ती बाईला, हा हारून आपल्या घरात लपवतो. सापडलो तर आपले आणि उरलेल्या पोरीचे काय होईल हे ठाऊक असूनही लपवतो.

दुसऱ्या दिवशी थोरलीने पुढचे सांगितले. शेवटी हारून सुरा घेऊन एल अकीरच्या वाड्यात शिरतो, त्याला ठार करतो आणि मैमूनाला सोडवतो. दादीअम्मांनी सुटकेचा श्वास टाकला. आम्हाला वाटले, गोष्ट संपली. तेवढ्यात थोरली म्हणाली, "अब्बा, हारूनने सलाहुद्दीनकडे फिर्याद का केली नाही?"

आम्ही म्हणालो, "बेटा, गोष्ट आहे ती."

"पण एल अकीर सलाहुद्दीनचाच अमीर ना? आणि पुस्तकात सलाहुद्दीन चांगला दाखवलाय ना? मग चांगल्या सुलतानाच्या राज्यात माणसाला असा एकट्याने सुरा घेऊन का जावे लागते?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. त्याहून लाजेची गोष्ट अशी, की सलाहुद्दीन अय्यूबींविषयी आम्ही मुलांना जे सांगितले होते ते दोन ओळींत संपत होते. ११८७ साली हत्तीनची लढाई जिंकली, त्याच वर्षी २७ रज्जबला बैतुल मुकद्दस परत घेतले. तारखा आम्हाला पाठ होत्या. ते न्यायनिवाडा कसा करत, हे माहीत नव्हते. आमच्या मुलीने त्यांना माणूस म्हणून पहिल्यांदा पाहिले ते एका इंग्रज लेखकाच्या विज्ञानकथेत.

मग शोधाशोध सुरू झाली. काजी बहाउद्दीन इब्न शद्दाद हे ११८८ पासून सलाहुद्दीन यांच्या सोबत होते, त्यांच्या लष्कराचे काजी होते. त्यांनी सुलतानाचे चरित्र लिहिले आहे आणि त्याचे इंग्रजी भाषांतर मिळते. थोरलीने ते वाचून दाखवायचे आणि आम्ही ऐकायचे, असा उलटा क्रम दोन आठवडे चालला.

इब्न शद्दाद सांगतात, की सलाहुद्दीन दर सोमवारी आणि गुरुवारी फिर्यादी ऐकायला बसत. फकीह, काजी, आलिम भोवती असत. दार सर्वांना खुले असे, म्हाताऱ्या बाया-बापड्यांनाही. दमिश्कच्या एका माणसाने सुलतानाचा पुतण्या तकीउद्दीन याच्याविरुद्ध फिर्याद केली, तेव्हा लाडक्या पुतण्यालाही न्यायालयात हजर व्हावे लागले. एका व्यापाऱ्याने तर खुद्द सुलतानावर दावा लावला, तोही इब्न शद्दाद यांच्यापुढेच. सलाहुद्दीन आपल्या आसनावरून उतरून त्या व्यापाऱ्याच्या बरोबरीने बसले आणि आपली बाजू साक्षीदारांनिशी मांडली. व्यापाऱ्याचा दावा खोटा ठरला, तरी त्याला रिकाम्या हाताने पाठवले नाही.

आणि एक प्रसंग असा, की तो वाचताना थोरलीचा आवाजच थांबला. सलीबी छावणीतल्या एका बाईचे तीन महिन्यांचे तान्हे मूल रात्री चोरांनी पळवले. तिच्याच लोकांनी तिला सांगितले, सुलतान रहमदिल आहे, त्याच्याकडे जा. ती शत्रूच्या छावणीत रडत आली, मातीत लोळू लागली. इब्न शद्दाद तिथे हजर होते. सलाहुद्दीन यांच्या डोळ्यांत पाणी आले. मूल बाजारात विकले गेले होते. सुलतानाने विकत घेणाऱ्याला त्याची किंमत देऊन ते परत आणवले, आईच्या कुशीत दिले आणि तिला घोड्यावर बसवून तिच्या छावणीत पोचते केले.

दादीअम्मा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती परकी बाई गेली फिर्याद घेऊन. मग आपला हारून का नाही गेला?"

याचे उत्तर आता आम्हाला मिळाले होते. हारून गेला नाही, कारण व्हिटेकरला तो सोमवार आणि गुरुवार ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक असूनही त्याच्या गोष्टीत बसत नव्हता. त्याला शेवटी सुरा हवा होता. सरदारांची नावे, लग्नाचा प्रस्ताव, लढाईचे गाव, एवढे सगळे त्याने इतिहासातून घेतले. मात्र चांगला सुलतान आणि गांजलेला माणूस यांच्यामध्ये एक उघडे दार होते, ते दार त्याच्या पुस्तकात नाही.

तरी या लेखकाला आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही. १९६५ साली लंडनमध्ये बसून मुलांसाठी लिहिताना त्याने सलाहुद्दीन यांना शांत, विचारी आणि दिलदार दाखवले, तर आपल्या राजा रिचर्डला तापट आणि उतावळा दाखवले. हारून आणि साफिया यांच्या रूपाने एक साधे मुसलमान घर दाखवले, जे परक्या बाईसाठी जीव धोक्यात घालते. हे त्या काळी थोडे नव्हते. मालिकेत सलाहुद्दीन यांची भूमिका बर्नार्ड के या इंग्रज नटाने चेहरा सावळा रंगवून केली होती. ऑडिओबुकात तो रंग धुऊन निघतो आणि एकाच म्हाताऱ्या आवाजात रिचर्डही बोलतो, सलाहुद्दीनही बोलतात, हारूनही बोलतो. म्हणून ही गोष्ट पाहण्यापेक्षा ऐकावी, असे आमचे मत झाले.

न्यायाने बोलायचे तर सलाहुद्दीन यांनाही आपण फरिश्ता करून ठेवू नये. हत्तीननंतर पकडलेल्या टेम्पलर आणि हॉस्पिटलर योद्ध्यांना ठार करण्याचा हुकूम त्यांनीच दिला होता. रिचर्डने ऑगस्ट ११९१ मध्ये अक्का येथे सुमारे २७०० कैद्यांची कत्तल केली, हे जितके सांगायचे तितकेच हेही सांगायचे. मुले आपल्या तोंडून दोन्ही बाजू ऐकतील, तर बाहेर कुणी एक बाजू सांगितली म्हणून डगमगणार नाहीत.

शोधाच्या ओघात आणखी एक गोष्ट कळली. 'डॉक्टर हू'ची अगदी पहिली चार भागांची कथा दिग्दर्शित करणारा तरुण लखनौच्या मुस्लिम घराण्यात जन्मलेला होता. त्यांचे नाव वारिस हुसैन, वय तेव्हा २४. त्यांच्या आई अतिया हुसैन या लेखिका. त्यांची 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी १९६१ साली आली आणि त्या बीबीसीवर कार्यक्रमही करत. १९६४ साली वारिस हुसैन यांनी 'मार्को पोलो' या सात भागांच्या कथेचे बहुतेक भाग दिग्दर्शित केले. पामीरचे पठार, गोबीचे वाळवंट, शेवटी कुबलाई खानाचा दरबार. या सातही भागांचे चित्र आज नाही, फक्त आवाज आहे. त्याचीही श्राव्य आवृत्ती निघाली आहे आणि मधले निवेदन पुन्हा विल्यम रसेल यांचेच. आम्ही तीही ऐकली. गोष्ट संथ आहे आणि चित्राशिवाय काही ठिकाणी कोण बोलतो आहे ते कळत नाही. पण नकाशा समोर ठेवून ऐकली तर मुलांचा भूगोल पक्का होतो. धाकट्याने शाळेच्या नकाशावर पेन्सिलीने सगळा रस्ता काढला.

म्हणजे हे घर अगदीच परक्याचे नव्हते. पहिल्या दिवसापासून त्याच्या उंबरठ्यावर आपला एक माणूस उभा होता. २०१८ साली त्याच मालिकेत यास्मीन खान ही शेफील्डची मुस्लिम मुलगी डॉक्टरांची सोबती झाली. त्या वर्षीच्या विनय पटेल यांनी लिहिलेल्या भागात ती फाळणीच्या दिवसांत, ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात, आपल्या नानीच्या तरुणपणात जाऊन पोचते. रंगवलेल्या चेहऱ्यापासून यास्मीनपर्यंत यायला त्यांना पन्नासहून अधिक वर्षे लागली. तेवढ्या वर्षांत आपण आपल्या किती गोष्टी आपल्या मुलांसाठी आपल्या भाषेत लिहिल्या, याचाही हिशेब मांडायला हवा. मराठीत सलाहुद्दीन यांच्यावर मुलांनी हातात धरावे असे एखादे पुस्तक आम्ही शोधत राहिलो, पण आमच्या हाती काही लागले नाही. दोष द्यायचा तर तो पहिल्यांदा आमच्या कपाटाला.

आता कुणी विचारेल, अशी पुस्तके मुलांना द्यावीत का? आमचे उत्तर असे, की कानात बोंडे घालून त्यांना एकट्याने ऐकू देऊ नये. घरात, मोठ्याने, सगळ्यांनी मिळून ऐकावे. मध्ये थांबावे. वाईट भाग आला तर तो वाईट का वाटला हे मुलांना बोलू द्यावे. बंद करावेसे वाटले तर एक दिवस बंद करावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावे. दादीअम्मांनी त्या रात्री हट्ट धरला नसता, तर आमची मुलगी एल अकीरपाशीच थांबली असती. हारूनपर्यंत पोचली नसती, आणि इब्न शद्दाद यांच्यापर्यंत तर नाहीच नाही. तिच्या मनात त्या पुस्तकातले तेवढेच एक चित्र राहिले असते.

सुटी संपायच्या आधीची गोष्ट. दादीअम्मांचा डोळा बरा झाला, चष्म्याचा नंबर आला, टीव्हीची परवानगी मिळाली. तरी इशानंतर सगळे त्यांच्या खोलीत जमले. थोरलीने विचारले, "आज काय लावू?" त्या म्हणाल्या, "आज काही लावू नको. आज मी सांगते."

आणि त्यांनी हारूनची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. डॉक्टर त्यात नव्हते, निळे खोके नव्हते, रिचर्डही नव्हता. लुद्द गावचा एक व्यापारी होता, त्याची पळवलेली मुलगी होती. बुधवारी रात्री शेजारच्या म्हातारीने त्याला सांगितले, की बाबा, उद्या जुमेरात आहे, उद्या दरबार बसतो. व्यापारी साफियाचा हात धरून पहाटे फजरनंतर निघाला. कमरेला सुरा होता. दरबाराच्या दाराशी त्याने तो काढून पहारेकऱ्याच्या हाती दिला आणि रिकाम्या हाताने आत गेला. सुलतानाने त्याचे सगळे ऐकून घेतले आणि एल अकीरला त्याच्यासमोर, त्याच्याच बरोबरीने उभे केले.

धाकटा म्हणाला, "दादीअम्मा, पण पुस्तकात असे नाही."

"पुस्तकात नाही म्हणून तर सांगतेय," त्या म्हणाल्या.

थोरलीचा मोबाइल उशीजवळ होता. आम्हाला वाटले, ती नेहमीसारखे काही तरी लावण्याच्या तयारीत असेल. दादीअम्मांनी मैमूनाला घरी आणून, तिला पाणी देऊन, गोष्ट संपवली तेव्हा थोरलीने मोबाइल उचलला आणि ध्वनिमुद्रण बंद केले. पूर्ण गोष्ट तिने टिपून घेतली होती. मध्ये धाकट्याचे बोलणे आहे, बाहेरच्या रिक्षाचा आवाज आहे, एकदा कुकरची शिट्टीही आहे. ती तशीच राहू द्यावी, असे आम्ही ठरवले आहे.